'ओरिजिन्स' की 'ओरिजिनल सिन'? गुन्हेगारी प्रीक्वेल हाती घेण्याआधी

२०२४ संपता संपता दोन अमेरिकन गुन्हेगारी मालिकांनी आपापल्या नायकाचं तरुणपण दाखवायला घेतलं. १४ ऑक्टोबरला सीबीएसवर 'एनसीआयएस: ओरिजिन्स' सुरू झाली आणि १३ डिसेंबरला पॅरामाउंट प्लसवर, शोटाइमच्या नावाखाली, 'डेक्स्टर: ओरिजिनल सिन'. दोन्हींची गोष्ट १९९१ मधली आहे. दोन्हींत पडद्यावर नवा नट आहे आणि कानावर जुन्याचा आवाज. ऑस्टिन स्टोवेलच्या तरुण गिब्जमागे, म्हणजे नौदलाच्या तपासणिसामागे, मार्क हार्मन बोलतो, आणि पोलीस खात्यात राहून गुपचूप खून करणाऱ्या तरुण डेक्स्टरमागे, म्हणजे पॅट्रिक गिब्सनमागे, मायकल सी. हॉल. ऑगस्ट २०२५ पर्यंत मात्र चित्र पार बदललं होतं. एकीचा दुसरा सिझन येऊ घातला होता, आणि दुसरीची जाहीर झालेली मुदतवाढ मागे घेतली गेली होती.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रेक्षक दोन्हींबद्दल जवळपास तेच बोलत होते. चेहरा जुळतो का? हा पुढे जिवंत राहणार हे माहीतच आहे, मग धास्ती कसली? आणि या मालिकेची गरज होती का? हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांवर मालिका निवडली तर निवड चुकण्याचीच शक्यता जास्त. प्रीक्वेलची, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीचा काळ दाखवणाऱ्या मालिकेची, ताकद नायकात फारशी नसते. मूळ मालिकेत ज्याचा मागमूस नाही अशा माणसात ती असते. त्या माणसाचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून गोष्ट खऱ्या अर्थाने त्याची होते. पहिल्या तीन भागांत असा माणूस सापडला आणि त्याच्याविषयी काळजी वाटू लागली, तर पुढे जावं. सापडला नाही, तर नायकाची नक्कल कितीही हुबेहूब असली तरी आठव्या भागापर्यंत कंटाळा येतो.

हा निकष या दोन मालिकांना आणि सोबत आधीच पूर्ण झालेल्या दोन प्रीक्वेलना लावून पाहू: 'ब्रेकिंग बॅड'च्या आधीची 'बेटर कॉल सॉल' आणि 'इन्स्पेक्टर मोर्स'च्या आधीची ब्रिटिश 'एंडेव्हर'. शेवटच्या दोघी इथे आहेत त्या मापाला. पहिल्या आठवड्यातल्या मतांपैकी काय टिकलं आणि काय विरून गेलं, हे त्यांच्याबाबतीत आता नक्की सांगता येतं.

| मालिका | काळ आणि जागा | किती वेळ लागेल | पूर्ण झाली का |
|---|---|---|---|
| एनसीआयएस: ओरिजिन्स | १९९१, कॅम्प पेंडलटन, कॅलिफोर्निया | पहिला सिझन १८ भाग, सुमारे १३ तास | नाही, दुसरा सिझन ऑक्टोबर २०२५ पासून |
| डेक्स्टर: ओरिजिनल सिन | १९९१, मायामी | १० भाग, साधारण साडेआठ तास | एका सिझननंतर बंद |
| बेटर कॉल सॉल | २००२ पासून पुढे, अल्बुकर्की | ६ सिझन, ६३ भाग, सुमारे ५० तास | हो, २०२२ मध्ये |
| एंडेव्हर | १९६५ ते १९७२, ऑक्सफर्ड | ३६ भाग, प्रत्येकी साधारण दीड तास | हो, २०२३ मध्ये |

सुरुवातीची कुठली तक्रार खरी धरायची

स्पिन-ऑफवरची, म्हणजे गाजलेल्या मालिकेतून निघालेल्या नव्या मालिकेवरची, पहिली मतं बहुतेक मूळ मालिकेच्या भक्तांची असतात. ते हातात फूटपट्टी घेऊनच बसतात आणि नवी मालिका जुनीपासून किती इंच सरकली ते मोजतात. त्यात वावगं काही नाही, पण नव्या प्रेक्षकाला त्या मापाचा उपयोग थोडा. म्हणून तक्रार कशाबद्दलची आहे ते आधी पाहावं.

चेहऱ्याची तक्रार सर्वांत लवकर मरते. तिसऱ्या-चौथ्या भागात डोळे सरावतात. 'एंडेव्हर'मध्ये तरुण मोर्स करणारा शॉन इव्हान्स मूळच्या जॉन थॉसारखा दिसत नाही, बोलतही नाही. २ जानेवारी २०१२ ला 'एंडेव्हर'चा पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, दाखवला गेला तेव्हा ही शंका होतीच, कारण 'इन्स्पेक्टर मोर्स'च्या ३३ भागांत थॉने ती भूमिका आपल्या नावावर करून टाकली होती. इव्हान्सने नक्कल केलीच नाही. त्याने मोर्सचा हेकटपणा, संगीताचा नाद आणि प्रेतापुढची घालमेल उचलली, बाकी सोडून दिलं. तो ३६ भाग टिकला. 'बेटर कॉल सॉल'ला हा प्रश्न उलट बाजूने आला. तिथे बॉब ओडेनकर्क आणि जोनाथन बँक्स हे जुनेच नट होते, आणि मूळ गोष्टीच्या कित्येक वर्षं आधीची पात्रं करताना ते तिच्यापेक्षा म्हातारे दिसत होते. बँक्सचा माइक तर 'ब्रेकिंग बॅड'मधल्यापेक्षा उघडउघड थकलेला वाटतो. लोकांनी ते स्वीकारलं.

संथपणाची तक्रार जरा तपासून घ्यावी लागते. 'बेटर कॉल सॉल'चे पहिले दोन भाग ८ आणि ९ फेब्रुवारी २०१५ ला लागोपाठ दाखवले गेले आणि पहिला भाग सुमारे ६९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. त्या दोन भागांत 'ब्रेकिंग बॅड'मधला गुंड टुको सालामांका आहे, वाळवंट आहे, जिवावर बेतलेलं बोलणं आहे. साहजिकच लोकांना वाटलं की हेच पुढे चालणार. पुढच्या काही भागांत मात्र मालिका एका धडपड्या वकिलाच्या अशिलांकडे, मृत्युपत्रांकडे आणि वृद्धांच्या कज्ज्यांकडे वळली. 'काही घडतच नाही' ही ओरड तेव्हाची. ती चुकीची नव्हती, पण मालिका भरकटलेली नव्हती. आपण कुठल्या जातीची मालिका आहोत हे तिने तेव्हा सांगितलं. सहाव्या भागात माइकचा भूतकाळ उघडतो आणि त्या संथपणात काय साठत होतं ते कळतं. संथ भागात माणसं कळत असतील तर थांबावं. नुसत्या सुंदर चौकटी आणि लांबलेल्या शांतता असतील तर उठावं.

निवेदनाची तक्रार मात्र टिकते, म्हणून ती गंभीरपणे घ्यावी. पडद्यामागचा आवाज किती बोलतो हे लेखकांचं धोरण असतं आणि ते मध्येच बदलत नाही. पहिल्या भागात दिसतंय तेच पुन्हा सांगितलं जात असेल, तर दहाव्या भागातही तसंच होणार.

आणि सातत्याची तक्रार, म्हणजे मूळ मालिकेत अमुक सांगितलं होतं आणि इथे तमुक दाखवलं, ही वाढतच जाते. नव्या प्रेक्षकाला तिचा काडीचा त्रास नाही. मूळ मालिका तोंडपाठ असणाऱ्याला दर आठवड्याला खडा लागतो. इथे सल्ला एकच: तुम्ही यांपैकी कोण आहात ते आधी ठरवा, मग त्या तक्रारीला किंमत द्या.

ओरिजिन्स

मूळ 'एनसीआयएस'मध्ये गिब्ज हा कमी बोलणारा, नियमांनी बांधलेला, तळघरात होडी बनवत बसणारा माणूस. त्याच्या घरात काय घडलं हे मूळ मालिकेने २००६ पर्यंत, म्हणजे तिसऱ्या सिझनच्या शेवटापर्यंत झाकून ठेवलं होतं. 'ओरिजिन्स' तिथूनच सुरू होते. घटना घडून काही महिने झालेत, आखाती युद्धातून परतलेला हा मरीन नुकताच तपासणीस झालाय आणि त्याला नोकरीवर ठेवावं की नाही याबद्दल वरिष्ठांना शंका आहे.

पहिल्याच रात्री दोन तासांचा भाग दाखवला. तो दोन भागांत कापलेला मिळतो, पण गोष्ट एकच आहे. त्यामुळे पहिला भाग पाहून मत बनवू नये. गाठ दुसऱ्यात सुटते. सुरुवातीला वयस्कर गिब्ज म्हणून हार्मन स्वतः क्षणभर दिसतो, आणि शेवटी त्याचा आवाज सांगतो की ही गोष्ट तो कुणाला सांगत नाही, आणि ती एका स्त्रीची गोष्ट आहे. त्या एका वाक्याने सुरुवातीच्या चर्चेचा रोखच बदलला. ती स्त्री म्हणजे विशेष तपासणीस लाला डोमिंगेझ, मारिएल मोलिनोने केलेली. 'ओरिजिन्स' येईपर्यंत मूळ मालिकेच्या साडेचारशेहून अधिक भागांत तिचं नावही निघालं नव्हतं. गिब्ज इतकी वर्षं तिच्याबद्दल अवाक्षर का बोलला नाही? हा प्रश्न पहिल्या रात्री टाकला जातो आणि सिझनभर पोटात दुखत राहतो. नायक जगणार हे माहीत असूनही धास्ती वाटते ती अशी.

काइल श्मिडचा माइक फ्रँक्स ही दुसरी जमेची बाजू. मूळ मालिकेत म्यूझ वॉटसनने केलेला फ्रँक्स हा निवृत्त, खरबरीत, पाहुण्यासारखा येऊन जाणारा माणूस होता. इथे तो रोज कामावर येतो, चुका करतो आणि एका मोडलेल्या माणसाला हाताशी घेण्याची जोखीम पत्करतो. श्मिडने आवाजातला खरखरीतपणा घेतला आहे, पण पात्र स्वतःच्या पायावर उभं राहतं. कार्यालय सांभाळणारी मेरी जो हीदेखील मूळ मालिकेला अपरिचित, आणि टायला अ‍ॅबरक्रम्बीने ती छोट्या छोट्या प्रसंगांत भक्कम केली आहे.

कुठे अडतं ते सांगायला हवं. मूळ मालिकेची जी हलकीफुलकी थट्टा-मस्करी असते, एकमेकांच्या डोक्यावर टपली मारणं वगैरे, ती इथे फार थोडी आहे. जेवताना पाहायची मालिका म्हणून 'एनसीआयएस' लावणाऱ्यांना हा सूर जड वाटला. ही तक्रार आजही खरी आहे, कारण सूर मुद्दामच तसा ठेवलाय. दुसरं म्हणजे दर भागाला एक प्रकरण आणि त्याखाली दुःखाचा लांब धागा अशी रचना असल्याने मधल्या काही भागांत प्रकरण घाईत उरकलं जातं. खुनी कोण, यात तुम्हाला सर्वांत जास्त रस असेल तर इथे भूक अर्धवट राहील.

बारीकसारीक तपशिलात ही मालिका प्रामाणिक आहे. जॅकेटवर 'एनआयएस' लिहिलेलं दिसतं, ते चुकून नाही. नौदलाच्या त्या तपासयंत्रणेचं नाव नेव्हल इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिस असंच होतं. 'क्रिमिनल' हा शब्द १९९२ मध्ये जोडला गेला. तपासाची गतीही त्या काळाची आहे. १९९१ मध्ये डीएनए चाचणी होत होती, पण त्या पद्धतीला नमुना बराच मोठा लागे, निकालाला आठवडे जात, आणि अमेरिकेची राष्ट्रीय डीएनए माहितीबँक १९९८ पर्यंत सुरूच व्हायची होती. म्हणजे केसाच्या एका टोकावरून तासाभरात नाव काढणारी प्रयोगशाळा इथे नाही. तपासणिसांना दारं ठोठवावी लागतात, कागद धुंडाळावे लागतात आणि सार्वजनिक फोनपाशी वाट पाहावी लागते. मूळ मालिकेत अ‍ॅबीच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर पोसलेल्या प्रेक्षकाला हा बदल पहिल्या दोन भागांत रेंगाळलेला वाटेल. नंतर तोच आवडायला लागतो, कारण पुरावा मिळण्याआधी माणसाकडे नीट पाहावं लागतं.

ओरिजिनल सिन

इथे लेखनाची सूत्रं क्लाइड फिलिप्सकडे आहेत. मूळ 'डेक्स्टर'चे पहिले चार सिझन त्यांनीच सांभाळले होते, त्यामुळे भाषा, काळा विनोद आणि मायामीचा घामट उजेड ओळखीचा लागतो. पॅट्रिक गिब्सनबद्दलची सुरुवातीची स्तुती खरी आहे आणि ती शेवटपर्यंत टिकते. मान तिरकी करणं, लोकांशी बोलताना उशिरा येणारं हसू, जवळ आलेल्या माणसापासून अर्धं पाऊल मागे सरणं हे त्याने फार बारकाईने पकडलंय. ख्रिश्चन स्लेटरचा हॅरी मॉर्गन हा मूळ मालिकेत आठवणींतून आणि भासांतून येणारा बाप इथे हाडामांसाचा होतो. मुलाला वाचवायचं म्हणून आपण काय उभं करतोय, याची भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसते, आणि मालिकेचे सर्वांत चांगले प्रसंग या दोघांचेच आहेत.

मग अडतं कुठे? त्या निकषावर. मायामी मेट्रो पोलिसांच्या कचेरीत पाऊल ठेवलं की मूळ मालिकेतले लाग्वेर्टा, बटिस्टा, मसुका सगळे हजर. घरात बहीण डेब्रा. यांतल्या प्रत्येकाचं पुढे काय होतं ते ९६ भागांत सांगून झालंय. साहजिकच पहिल्या आठवड्यात प्रेक्षकांनी कुणाची नक्कल साधली आणि कुणाची नाही याचेच गुण दिले. मसुका हुबेहूब, अमका थोडा वेगळा. ही गंमत पहिल्या दोन भागांत पुरते, नंतर नाही. नवी माणसं आहेत: सारा मिशेल गेलारने केलेली न्यायवैद्यक विभागाची प्रमुख टान्या मार्टिन, पॅट्रिक डेम्प्सीचा कॅप्टन आरन स्पेन्सर, रेनो विल्सनचा बॉबी वॉट. गेलार आणि डेम्प्सी ही नावं मोठी. गेलारच्या वाट्याला काम मात्र कमी आलंय. डेम्प्सीचं पात्र दुसऱ्या अर्ध्यात वजन धरतं, अपहरणाच्या मोठ्या धाग्याबरोबर. म्हणून ज्यांनी चौथ्या भागानंतर सोडली, त्यांनी मालिकेची चांगली बाजू पाहिलीच नाही.

निवेदन हा दुसरा मुद्दा. मूळ मालिकेत हॉलचा आवाज नायकाच्या मनातला होता आणि तोंडावरचा मुखवटा व आतला माणूस यांतलं अंतर त्यातून कळे. इथेही आवाज हॉलचाच, पण बोलणारा विशीतला मुलगा. पन्नाशीतल्या माणसाचा सरावलेला स्वर आणि पहिल्यांदाच रक्ताला सामोरं जाणारं तोंड यांची सांगड काहींना शेवटपर्यंत बसली नाही. गिब्सन चेहऱ्याने जे सांगून जातो तेच आवाज पुन्हा सांगतो, अशी ठिकाणं खूप आहेत. 'ओरिजिन्स'मध्ये हार्मनचा आवाज मुख्यतः भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी येतो. मधली जागा स्टोवेलची असते. फरक मोठा आहे.

तिसरा मुद्दा पुनरुक्तीचा. डेक्स्टरचा पहिला बळी कोण हे मूळ मालिकेने पहिल्याच सिझनमध्ये आठवणीतल्या प्रसंगांतून दाखवलं होतं. इथे पहिल्या भागात तीच नर्स पुन्हा येते, सविस्तर. नव्या प्रेक्षकासाठी ही उत्तम सुरुवात आहे. जुन्यासाठी मात्र निकाल माहीत असलेला सामना.

हिंसा किती, हे घरात कुणाबरोबर पाहायचं त्यावर ठरवायला लागतं. 'ओरिजिनल सिन'मध्ये प्लास्टिकने मढवलेलं टेबल, सुरे आणि रक्त दाखवण्यात हात आखडता घेतलेला नाही. 'ओरिजिन्स'मध्ये प्रेतं दिसतात, पण कॅमेरा रेंगाळत नाही.

आता अर्धवट राहण्याचा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये 'ओरिजिनल सिन'चा दुसरा सिझन जाहीर झाला होता, ऑगस्टमध्ये तो रद्द झाला. त्याआधी जुलैत मायकल सी. हॉल स्वतः 'डेक्स्टर: रिझरेक्शन' घेऊन परतला होता. दहा भागांचं मुख्य प्रकरण पूर्ण होतं, त्यामुळे फसवल्यासारखं वाटत नाही, पण डेक्स्टरच्या घडणीचे पुढच्यासाठी राखून ठेवलेले धागे तसेच लोंबकळत राहतात. 'ओरिजिन्स'च्या पहिल्या सिझनचा शेवट याहून अवघड जागी तुटतो. दुसरा सिझन उपलब्ध असेल तरच पहिल्याचे शेवटचे दोन भाग लावा.

आधी मूळ मालिका पाहायची का?

या चार मालिकांत या प्रश्नाचं उत्तर चार प्रकारचं आहे, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच.

'ओरिजिन्स' मूळ मालिकेशिवाय पूर्ण कळते. किंमत एकच: मूळ मालिकेने तीन सिझन राखलेलं रहस्य आधीच हातात पडतं. मूळ 'एनसीआयएस' कधीतरी पाहायची इच्छा असेल तर तिचे पहिले तीन सिझन आधी संपवा, मग 'ओरिजिन्स' घ्या. नसेल, तर सरळ इथूनच सुरू करा.

'ओरिजिनल सिन' नाव आरंभाचं घेऊन आली, पण तिचा पहिलाच प्रसंग २०२१-२२ च्या 'न्यू ब्लड' या डेक्स्टरचीच गोष्ट पुढे नेणाऱ्या दहा भागांच्या मालिकेचा शेवट फोडतो. पुढे मूळ मालिकेच्या पहिल्या सिझनचं मोठं रहस्यही इथे उघडपणे वापरलंय. कालक्रमाने ही पहिली, म्हणून पाहतानाही पहिली, असा हिशेब केला तर दुहेरी नुकसान. किमान मूळ 'डेक्स्टर'चा पहिला सिझन तरी आधी हवाच, आणि शक्य तर 'न्यू ब्लड'ही. मूळ मालिकेचे ९६ भाग म्हणजे ऐंशीहून जास्त तास. तेवढा वेळ नसेल तर पहिले चार सिझन पाहून थांबलात तरी चालेल.

'बेटर कॉल सॉल' आधी 'ब्रेकिंग बॅड' पाहिल्याशिवाय घेऊ नये. कळत नाही असं नाही, पण अर्धी गंमत हातची जाते. पहिल्या पाच सिझनची सुरुवात कृष्णधवल प्रसंगांनी होते. ती छपाईची चूक नाही आणि आठवणही नाही. तो 'ब्रेकिंग बॅड'नंतरचा काळ आहे, आणि तो माणूस असा लपून का राहतोय हे मूळचे ६२ भाग पाहिल्याशिवाय समजत नाही. बारकावेही त्याच ओळखीवर उभे आहेत. २००९ मध्ये 'ब्रेकिंग बॅड'मध्ये सॉल पहिल्यांदा आला त्या भागात, वाळवंटात घाबरून तो दोन नावं ओरडतो: इग्नासिओ आणि लालो. तेव्हा त्या नावांना चेहरे नव्हते. इग्नासिओ, म्हणजे नाचो, २०१५ मध्ये अवतरला. लालो २०१८ मध्ये, चौथ्या सिझनला. एका भेदरलेल्या वाक्यातून दोन संपूर्ण माणसं उभी केली गेली, आणि दोघांचं पुढे काय झालं हे मूळ मालिकेने कधीच सांगितलं नव्हतं. सॉलची जोडीदार वकील किम वेक्सलर आणि त्याचा भाऊ चक हे तर मूळ मालिकेत नावालाही नव्हते. म्हणूनच सॉल गुडमनचं भवितव्य माहीत असूनही सहा सिझन श्वास रोखून पाहता आले. नायक सोडून इतरांच्या जिवाची काळजी लावायची, हे तंत्र इतक्या चोखपणे दुसऱ्या कुठल्याच गुन्हेगारी प्रीक्वेलला साधलेलं नाही.

'एंडेव्हर'ला पूर्वतयारी लागत नाही. प्रत्येक भाग दीड तासाचा, जवळपास स्वतंत्र चित्रपटासारखा. मोर्सच्या भक्तांसाठी मागे खुणा पेरलेल्या आहेत. पायलटच्या शेवटी डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर थर्सडे गाडी चालवणाऱ्या तरुणाला विचारतो की वीस वर्षांनी तू कुठे असशील. तो आरशात पाहतो आणि क्षणभर जॉन थॉचे डोळे दिसतात. ऑक्सफर्डच्या दैनिकाची संपादक डोरोथिया फ्रेझिल हे काम थॉची मुलगी अबिगेल थॉ करते. ('ओरिजिन्स'मध्येही असा धागा आहे: मार्क हार्मनचा मुलगा शॉन, ज्याने मूळ मालिकेत तरुण गिब्ज केला होता, इथे निर्मात्यांत आहे.) या खुणा कळल्या नाहीत तरी काही अडत नाही.

'एंडेव्हर'मधला, मूळ मालिकेत न सापडणारा माणूस म्हणजे फ्रेड थर्सडे. रॉजर अ‍ॅलमने केलेला हा युद्ध पाहिलेला, वारागणिक ठरलेलं सँडविच डब्यात आणणारा अधिकारी मोर्सला बापासारखा. मग मूळ मालिकेच्या ३३ भागांत मोर्सने त्याचं नाव एकदाही का घेतलं नाही? सर्व ३६ भाग एकट्या रसेल लुईस यांनी लिहिले आणि या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अगदी शेवटच्या भागासाठी राखून ठेवलं. काळाचं भानही पक्कं आहे. १९६८ मध्ये ऑक्सफर्डचं शहर पोलीस दल खरोखरच टेम्स व्हॅलीच्या मोठ्या दलात विलीन झालं. मालिका त्या वर्षी पोहोचते तेव्हा पात्रांच्या नोकऱ्या, हुद्दे आणि निष्ठा त्याच विलीनीकरणात भरडल्या जातात. अडचण एकच: संवाद दाट आहेत आणि गाठी भरपूर, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. उपशीर्षकं चालू ठेवा, आणि एका वेळी एकच भाग बघा. सलग दोन पाहिले तर खुनी एकमेकांत मिसळतात.

किती भाग देऊन पाहायचे

'ओरिजिन्स'ला चार: पहिले दोन एकत्र एका बैठकीत आणि मग आणखी दोन, कारण दर आठवड्याच्या प्रकरणाची घडी पुढच्या भागांत बसते. चौथ्या भागाअखेर लालाविषयी कुतूहल वाटत नसेल तर ही मालिका तुमची नाही.

'ओरिजिनल सिन'ला पाच. मूळ 'डेक्स्टर' आवडली असेल तर दहाच्या दहा सहज होतील, आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांत. मूळ मालिका पाहिलीच नसेल तर ही घेऊ नका. तेच साडेआठ तास मूळच्या पहिल्या सिझनला दिले तर फायदा जास्त.

'बेटर कॉल सॉल'ला सहा, एकही कमी नाही. पहिला सिझन दहा भागांचा आहे आणि नवव्या भागात भावाभावांत जे घडतं, त्यासाठी आधीच्या आठांचा संथपणा लागतो.

'एंडेव्हर'ला पायलट आणि त्यापुढचे दोन. तिसऱ्यात, म्हणजे पहिल्या सिझनच्या दुसऱ्या भागात, ऑपेरांवर बेतलेल्या खुनांची मालिका आहे आणि मोर्सचं संगीत तिथे पहिल्यांदा तपासाचं हत्यार बनतं. तो भाग आवडला नाही तर पुढचे तेहतीस आवडण्याची शक्यता कमी.

दोन नव्या मालिकांपैकी एकच घ्यायची झाली तर 'ओरिजिन्स'. अभिनयाचा विचार केला तर गिब्सन स्टोवेलपेक्षा काकणभर सरस आहे, बाप-मुलाचे प्रसंगही 'ओरिजिनल सिन'चेच धारदार आहेत. पण एकीत पुढे काय होणार हा प्रश्न उरतो, दुसरीत फक्त कसं होणार एवढाच. आणि चारही समोर असतील, वेळेची घाई नसेल, 'ब्रेकिंग बॅड' पाहिलेली असेल, तर आधी 'बेटर कॉल सॉल' लावा, दर सिझननंतर आठवडाभर थांबा, आणि त्या रिकाम्या आठवड्यांत 'एंडेव्हर'चा एकेक भाग पाहा.